विश्लेषण : तिकीट यूट्यूबरच्या नावावर, टेबल हौशी मेकरचे! मेकर मेळ्यांत प्रेक्षकांची निराशा का होते?

घरातल्या छोट्या कार्यशाळेत यंत्रे बनवणाऱ्यांचे मेळे आता लोकप्रिय यूट्यूबर भरवू लागले आहेत. त्यामुळे गर्दी वाढली. पण ही गर्दी नेमके काय पाहायला येते, याचे उत्तर आयोजक, प्रदर्शक आणि प्रेक्षक वेगवेगळे देतात. या घोळाचा खरा तोटा कुणाला होतो?

सभागृहाच्या एका टोकाला प्रसिद्ध यूट्यूबरबरोबर छायाचित्र काढण्यासाठी रांग लागलेली असते. त्याच सभागृहात चार टेबले पलीकडे, नोकरी सांभाळून वर्ष-दोन वर्षे खपून बनवलेला यंत्रमानव मांडून एखादा हौशी तंत्रज्ञ उभा असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबून ‘हे कसे चालते?’ एवढे विचारावे, इतकीच त्याची अपेक्षा असते. रांगेतल्या मुलालाही त्या यंत्रमानवात रस असतो. पण जागा सोडली तर नंबर जाईल, म्हणून ते तिथूनच पाहत राहते. संध्याकाळी दोघेही थोडे हिरमुसलेले घरी जातात. यूट्यूबर किंवा ‘क्रिएटर’ मंडळींच्या पुढाकाराने भरणाऱ्या मेकर मेळ्यांचे हे आजचे सर्वसाधारण चित्र आहे.

मेकर मेळ्याची कल्पना आली कुठून?

स्वतःच्या हाताने वस्तू, यंत्रे, खेळणी, वाद्ये बनवणाऱ्यांसाठी ‘मेक’ हे नियतकालिक अमेरिकेत २००५ मध्ये सुरू झाले. त्याचे संस्थापक डेल डोहर्टी यांनी पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, कॅलिफोर्नियातील सॅन मॅटेओ येथे पहिला ‘मेकर फेअर’ भरवला. शाळेत मुले घरून एखादी वस्तू आणून वर्गाला दाखवतात आणि तिच्याबद्दल बोलतात, तसेच काहीसे पण मोठ्यांसाठी, अशी ही कल्पना होती. हौशी मेकरकडून टेबलाचे भाडे घेतले जात नसे. त्याने आपली वस्तू आणायची, मांडायची आणि विचारणाऱ्याला समजावून सांगायचे.

त्याच काळात आर्डुइनोसारखे स्वस्त सर्किट बोर्ड आले, पुढे थ्रीडी प्रिंटर घरात पोहोचले आणि २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक बाजारात आला. मेकरांची संख्या वाढली. सॅन मॅटेओच्या मेळ्याला काही वर्षांतच एक लाखाहून अधिक लोक येऊ लागले. जून २०१४ मध्ये तर बराक ओबामा यांनी थेट व्हाइट हाऊसमध्ये मेकर फेअर भरवला. पण मेळा लोकप्रिय होणे वेगळे आणि तो स्वतःच्या पायावर उभा राहणे वेगळे. मोठे प्रायोजक मागे हटले, खर्च वाढत गेला आणि जून २०१९ मध्ये ‘मेकर मीडिया’ या कंपनीने २२ कर्मचाऱ्यांना कमी करून काम थांबवले. डोहर्टी यांनी नंतर ‘मेक कम्युनिटी’ या नावाने पुन्हा मांडणी केली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातील मेअर आयलंडवर मेळा परत भरला. मधल्या चार वर्षांत मात्र एक मोठी पोकळी तयार झाली होती.

यूट्यूबर आयोजक कसे झाले?

या काळात मेकर संस्कृतीचा मुक्काम यूट्यूबवर हलला होता. विचित्र यंत्रे बनवणारे, प्रयोग फसले तरी हसत हसत दाखवणारे अभियंते लाखो प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. त्यांच्यापैकीच एक असलेल्या विल्यम ऑस्मन यांनी जुलै २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘पिअर ३५’ या बंदरावरील सभागृहात ‘ओपन सॉस’ हा मेळा सुरू केला. २०२५ मध्ये तो सॅन मॅटेओच्या त्याच मैदानावर भरला, जिथे एकेकाळी मेकर फेअर भरत असे. मंचावर यूट्यूबरांच्या चर्चा आणि खाली सभागृहात मेकरांची टेबले, असे त्याचे स्वरूप आहे.

आयोजकाच्या दृष्टीने हे गणित सरळ आहे. जाहिरातीवर वेगळा खर्च करावा लागत नाही. एका व्हिडीओत मेळ्याची घोषणा केली की तिकिटे जातात. ओळखीचे यूट्यूबर एकमेकांच्या शब्दाला येतात. मेकर फेअरला जे अवघड गेले, म्हणजे दारात गर्दी आणणे, ते येथे पहिल्याच दिवशी साधते. अडचण त्यानंतर सुरू होते. ज्या नावामुळे तिकीट विकले गेले, ते नाव आणि सभागृहात मांडलेला माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एका तिकिटात किती अपेक्षा असतात?

किमान चार. पहिला गट चाहत्यांचा. त्यांना आवडत्या यूट्यूबरला भेटायचे असते, दोन वाक्ये बोलायची असतात, छायाचित्र हवे असते. दुसरा गट स्वतः काहीतरी बनवणाऱ्यांचा. त्यांना मोटार कोणती वापरली, सर्किट का जळले, कोड कुठे मिळेल, हे विचारायचे असते. तिसरा गट मुलांना घेऊन आलेल्या पालकांचा. मुलांना हात लावता येईल, सोल्डरिंग करून पाहता येईल, असे काही तरी त्यांना हवे असते. चौथा गट कंपन्यांचा. त्यांना आपली उपकरणे विकायची असतात आणि क्रिएटरबरोबर जाहिरातीचे व्यवहार जुळवायचे असतात.

यातली कोणतीही अपेक्षा चुकीची नाही. पण सर्वांना एकाच दारातून, एकाच दिवशी, एकाच दराच्या तिकिटावर आत सोडले की प्रत्येकाला इतर तिघांची अडचण वाटू लागते. चाहत्याला टेबले म्हणजे मुख्य कार्यक्रमापूर्वीचा वेळ घालवण्याचे साधन वाटते. मेकरला रांग म्हणजे आपल्या टेबलासमोर उभी राहिलेली भिंत वाटते. पालकांना मंचावरील विनोद मुलांच्या वयाचे वाटत नाहीत. आणि क्रिएटर स्वतः? त्यालाही बहुतेकदा मेकरांची टेबले पाहायची असतात. कारण तोही मुळात मेकरच असतो. पण तो सभागृहात फिरायला निघाला की भोवती घोळका जमतो आणि चार पावलांवर त्याचे फिरणे संपते. ज्याच्या नावावर मेळा भरला, त्यालाच मेळा पाहता येत नाही.

पडदा आणि टेबल यांत काय फरक आहे?

अपेक्षांच्या या घोळाचे मूळ व्हिडीओच्या स्वरूपात आहे. वीस मिनिटांच्या व्हिडीओत अनेक आठवड्यांचे काम दाबून बसवलेले असते. यंत्र दहा वेळा बंद पडलेले असते, पण त्यातले एक-दोन प्रसंग गंमत म्हणून ठेवून उरलेले कापले जातात. शेवटी यंत्र चालते आणि तिथे व्हिडीओ संपतो. टेबलावरच्या यंत्राला अशी कात्री लावता येत नाही. सकाळी चाललेले यंत्र दुपारी बंद पडते. बॅटरी उतरते. मूठभर आकाराची वस्तू छापायलाही थ्रीडी प्रिंटरला काही तास लागतात आणि त्या काळात पाहण्यासारखे फारसे काही घडत नाही. खरे शिकणे याच वेळात होते. यंत्र का बंद पडले, हे मेकर उलगडून सांगतो तेव्हा प्रेक्षकाला व्हिडीओत न मिळणारी गोष्ट मिळते. पण पडद्याच्या वेगाची सवय झालेल्या प्रेक्षकाला तेच टेबल कंटाळवाणे वाटू शकते.

दुसरा मुद्दा ओळखीचा. दूरचित्रवाणीवरील निवेदक आपल्याशीच बोलतो आहे, असे प्रेक्षकाला वाटू लागते, हे निरीक्षण डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच मांडले होते. अशा एकतर्फी जवळिकीला त्यांनी ‘पॅरासोशल’ असे नाव दिले. यूट्यूबवर ही जवळीक कितीतरी घट्ट होते. कारण समोरचा माणूस स्वतःच्या गॅरेजमधून, घरच्या कपड्यांत, नावाने हाक मारावी तसा बोलत असतो. चाहत्याच्या मनात तो वर्षानुवर्षांचा मित्र असतो. क्रिएटरच्या बाजूने मात्र समोरचा चेहरा त्या दिवशी भेटलेल्या शेकडो अनोळखी चेहऱ्यांपैकी एक असतो. सही घेऊन पुढे सरकलेल्या चाहत्याला काहीतरी हुकल्यासारखे वाटते ते यामुळेच. यात कुणी कुणाला फसवलेले नसते.

दोष चाहत्यांचा आहे का?

जुने मेकर ‘हल्ली यंत्र पाहायला कोणी येत नाही, सेल्फी काढायला येतात’ अशी तक्रार करतात. ती समजण्यासारखी असली तरी न्याय्य नाही. तिकिटाच्या जाहिरातीवर ज्याचा चेहरा छापला, त्याला भेटण्याची अपेक्षा ठेवणाऱ्याचे काय चुकले? शिवाय तारेतारकांशिवायचा मेकर मेळा हाही एक भ्रमच आहे. मेकर फेअरमध्येही ‘मिथबस्टर्स’ या मालिकेमुळे घराघरांत पोहोचलेले ॲडम सॅव्हेज दरवर्षी भाषण देत आणि त्याला तुडुंब गर्दी होत असे. फरक एवढाच की, ते भाषण मेळ्याचा एक भाग होते. मेळा त्या भाषणासाठी भरत नव्हता.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. मेकर फेअरकडे उत्तम मेकर होते, तरी त्यामागची कंपनी २०१९ मध्ये बंद पडली. चांगली टेबले मांडली की खर्च आपोआप निघतो, असे होत नाही. क्रिएटरांनी आणलेली गर्दी नाकारणे म्हणजे मेळाच नाकारणे ठरेल. रांगेत उभ्या असलेल्या मुलांपैकी काहींनी तरी पहिला स्क्रू त्या यूट्यूबरचा व्हिडीओ पाहूनच फिरवलेला असतो. त्यामुळे प्रश्न चाहत्यांना दूर ठेवण्याचा नाही. रांगेतल्या त्या मुलाला टेबलापर्यंत कसे न्यायचे, हा आहे. आणि ही जबाबदारी आयोजकाची आहे, कारण चेहरा विकायचा निर्णय त्याने घेतलेला असतो.

घोळ टोकाला गेला तर काय होते?

मेकर मेळ्यांच्या बाहेरचे एक उदाहरण बोलके आहे. जून २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘टानाकॉन’ हे संमेलन एका यूट्यूबरच्या नावावर घाईने भरवण्यात आले. जागेच्या क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक चाहते आले, त्यांतले अनेक जण तासन्‌तास उन्हात बाहेर उभे राहिले आणि पहिल्याच दिवशी कार्यक्रम रद्द करावा लागला. चाहत्यांना जवळून भेटीची अपेक्षा होती आणि ती पुरी करण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती. क्रिएटरचे नाव गर्दी जमवू शकते, पण ती गर्दी कुठे उभी राहील, काय पाहील, किती वेळ थांबेल, याचे उत्तर नावात नसते.

मेकर मेळ्यांत एवढा गोंधळ सहसा होत नाही. तिथला तोटा गुपचूप होतो. टेबल मांडणारा मेकर पुढच्या वर्षी येत नाही. प्रवास, मुक्काम, यंत्र नेण्या-आणण्याचा खर्च तो बहुधा स्वतःच्या खिशातून करतो. त्या बदल्यात त्याला मिळते ती फक्त दाद आणि चर्चा. तीच मिळाली नाही तर तो का यावा? मग त्याच्या जागी विक्रीचे दुकान येते, कारण दुकान भाडे देते. असे दोन-तीन वर्षे झाले की मेळ्याचे प्रदर्शन-विक्री केंद्र होते आणि नाव तेवढे ‘मेकर’ राहते.

इतरांनी यावर काय मार्ग काढले?

हँक आणि जॉन ग्रीन या बंधूंनी २०१० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुमारे १,४०० जणांसह ‘विडकॉन’ सुरू केले. गर्दी वाढली तशी त्यांनी तिकिटेच वेगळी केली. चाहत्यांसाठी एक, स्वतः व्हिडीओ बनवणाऱ्यांसाठी दुसरे आणि उद्योगासाठी तिसरे. प्रत्येकाचे कार्यक्रम वेगळे. लोकप्रिय क्रिएटरच्या भेटीसाठी रांगेऐवजी सोडत ठेवली गेली. सोडतीत नाव न निघालेला चाहता नाराज होतो, हे खरे. पण त्याचा दिवस रांगेत जात नाही. ‘ओपन सॉस’नेही उद्योगासाठी वेगळा दिवस ठेवून चौथ्या गटाला बाजूला काढले. ही योग्य दिशा आहे.

दुसरा मार्ग लहान राहण्याचा. अमेरिकेतील इंडियाना राज्यात गोशेन येथे २०१३ पासून ‘मिडवेस्ट रेपरॅप फेस्टिव्हल’ हा थ्रीडी प्रिंटरवाल्यांचा मेळा भरतो. लोक आपापले प्रिंटर घेऊन येतात आणि टेबलावर मांडतात. या क्षेत्रातले प्रसिद्ध यूट्यूबरही तिथे इतरांसारखेच टेबलांमधून फिरतात. ब्रिटनमध्ये २०१२ पासून स्वयंसेवकांच्या बळावर होणारे ‘ईएमएफ कॅम्प’ हे शिबिरही अशाच वळणाचे आहे. तिथे आलेला प्रत्येक जण काहीतरी करतो. या दोन्ही ठिकाणी अपेक्षांचा घोळ नाही, कारण पाहणारा आणि दाखवणारा जवळपास एकच आहे. मात्र या मेळ्यांत नवखे मूल सहज येत नाही, ही त्यांची मर्यादा. मोठ्या मेळ्याचे महत्त्व त्यासाठीच आहे.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे?

हे दृश्य मराठी वाचकाला अनोळखी नाही. साहित्य संमेलनात ग्रंथप्रदर्शनाला गर्दी आणि परिसंवादाच्या मांडवात रिकाम्या खुर्च्या, असे अनेकदा दिसते. गणेशोत्सवात कारागिरांनी महिनोन्‌महिने राबून हलता देखावा उभा केलेला असतो. पण त्या संध्याकाळी आरतीला एखादा अभिनेता आला की सगळे मोबाइल त्याच्याकडे वळतात. देखाव्याची मोटार कोणी बसवली, हे विचारायला कोणी उरत नाही.

मेकर संस्कृतीशी महाराष्ट्राचे नाते तर जुने आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचे, हे त्याचे सूत्र. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या बाहेर जगात ज्या पहिल्या काही ‘फॅब लॅब’ उभ्या राहिल्या, त्यांतील एक याच पाबळमध्ये होती. मुंबईत विद्याविहारच्या सोमय्या शिक्षणसंकुलातही ‘मेकर मेळा’ भरला आहे. दुसरीकडे, यूट्यूबरांना भेटण्यासाठी ‘यूट्यूब फॅनफेस्ट’ मुंबईत झाला, तेव्हा त्याच्या नावातच ‘फॅन’ होते. आलेल्याला काय मिळणार हे ठाऊक होते. मराठीत विज्ञान, शेती-अवजारे, इलेक्ट्रॉनिक्स दाखवणारे यूट्यूबर आता वाढत आहेत. त्यांच्या नावावर मेळे भरवण्याची कल्पना आज ना उद्या इथेही येईल. तेव्हा मेळा आणि फॅनफेस्ट यांतले नेमके काय भरवतो आहोत, हे आधी ठरवलेले बरे.

मग उपाय काय?

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. तिकिटावर खरे लिहिणे. कोणता क्रिएटर किती वाजता मंचावर असेल, भेट मिळणार की नाही, मिळाली तर किती जणांना, हे विकण्यापूर्वीच सांगावे. छायाचित्राची खात्री नसेल तर चेहऱ्याऐवजी मेकरांच्या यंत्रांची छायाचित्रे जाहिरातीत मोठी छापावीत. निराशा ही बहुतेकदा न मिळालेल्या गोष्टीपेक्षा न सांगितलेल्या गोष्टीची असते.

दुसरा उपाय मांडणीचा. भेटीची रांग सभागृहाबाहेर किंवा वेळ ठरवून दिलेल्या चिठ्ठीवर असावी, म्हणजे चाहता मधल्या वेळेत टेबले पाहू शकेल. यंत्रांच्या टेबलांसमोरून रांग कधीही जाऊ नये.

तिसरा उपाय सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो क्रिएटरच्याच हातात आहे. मंचावर चार यूट्यूबरांनी एकमेकांशी गप्पा मारण्याऐवजी प्रत्येकाने सभागृहातील एका अनोळखी मेकरला यंत्रासह मंचावर आणावे आणि प्रेक्षकांसमोर त्याला प्रश्न विचारावेत. आवडता यूट्यूबर ज्या यंत्राकडे कुतूहलाने पाहतो, त्या टेबलाकडे चाहता स्वतःहून जातो. मेकर मेळ्यात प्रसिद्धीचा याहून चांगला उपयोग नाही.

चौथा उपाय पैशाचा. तिकिटांच्या उत्पन्नातील काही भाग मेकरांच्या प्रवास-मुक्कामासाठी राखून ठेवावा. मंचावरच्या पाहुण्याचे विमानभाडे आयोजक देतो आणि टेबलावरचा मेकर स्वखर्चाने येतो, ही विषमता फार काळ चालणार नाही.

क्रिएटरांनी मेकर मेळ्यांना नवे आयुष्य दिले, हे मान्य करायला हवे. पण अशा मेळ्याचे यश तिकिटे किती खपली यावर मोजता येणार नाही. सही घ्यायला आलेले मूल जाताना एखाद्या टेबलाशी थांबून ‘हे मला घरी बनवता येईल का?’ असे विचारत असेल, तर मेळा सफल झाला. त्या मुलाला थांबायला वेळ आणि वाट मिळेल, एवढी सोय आयोजकांनी करायची आहे.